पाठीवर हवा घेऊन उतरलेला माणूस

जुन्या इंग्रजी सिनेमात समुद्राखालचं दृश्य आलं की एक गोष्ट हमखास दिसते. डायव्हरच्या तोंडात रबरी माउथपीस, त्याच्या दोन्ही बाजूंनी निघालेल्या वळ्यावळ्यांच्या जाड नळ्या, त्या खांद्यांवरून मागे गेलेल्या, आणि पाठीवरच्या सिलिंडरच्या डोक्यावर बसलेला एक गोल चपटा डबा. ट्रिपला मालवण-तारकर्लीला जाऊन जे कोणी स्कूबा करून आले असतील, त्यांनी असलं काही पाहिलं नसणार. त्यांच्या तोंडाशी एकच बारीक नळी आली असेल. पण ज्या डब्यामुळे माणूस पहिल्यांदा माशासारखा मोकळा पोहू लागला, तो हा दोन नळ्यांचा डबा. त्याला रेग्युलेटर म्हणतात. आणि तो जगभर पोहोचवणारा माणूस म्हणजे लाल लोकरी टोपीवाला जाक-ईव्ह कुस्तो.

आता कुस्तोचं नाव टीव्हीमुळे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. त्याची जहाजं, त्याच्या फिल्म्स, शार्क, देवमासे वगैरे वगैरे. पण हे सगळं पुढचं. मला इथे सांगायचंय ते मुख्यतः १९३६ ते १९४७ या अकरा वर्षांबद्दल, कारण इंजिनिअरिंगच्या पोरांना त्यात जास्त रस वाटेल अशी माझी खात्री आहे. मेकॅनिकलवाल्यांनी जरा जास्तच लक्ष द्यावं!

कुस्तोचा जन्म ११ जून १९१० चा, फ्रान्समधल्या बोर्दो शहराजवळच्या सेंट आंद्रे द क्युबझाक या छोट्या गावातला. वडील वकील, पण एका श्रीमंत अमेरिकन माणसाचे खासगी सचिव म्हणून काम करायचे, त्यामुळे घरदार सतत फिरतीवर. दहाएक वर्षांचा असताना कुटुंब न्यूयॉर्कला होतं. तिथून सुट्टीत व्हरमाँटच्या कॅम्पला गेला, तेव्हा तळ्याच्या तळाशी पडलेल्या फांद्या बुडी मारून काढायचं काम त्याच्या वाट्याला आलं. पाण्याखाली श्वास रोखून राहायची ही पहिली प्रॅक्टिस. तेराव्या वर्षी साठवलेल्या पैशांतून सिनेमाचा छोटा कॅमेरा विकत घेतला आणि पहिलं काम काय केलं, तर तो उघडून बघितला. अभ्यासात मात्र आनंदच होता. शाळेच्या खिडक्यांच्या काचा फोडल्या म्हणून शाळेतून काढलं आणि घरच्यांनी कडक शिस्तीच्या बोर्डिंगात टाकलं. होस्टेलने माणूस सुधारतो असं म्हणतात. याच्या बाबतीत ते खरं ठरलं. (आपल्याबद्दल वॉर्डन सरांनाच विचारा.)

१९३० मध्ये तो ब्रेस्टच्या नौदल अकादमीत दाखल झाला. समुद्राशी त्याचं नातं तिथून जुळलं असं समजू नका, त्याला व्हायचं होतं वैमानिक! नौदलाच्या विमानदळाचं प्रशिक्षणही सुरू झालं होतं. पण १९३६ मध्ये रात्रीच्या वेळी गाडीला भीषण अपघात झाला. एक हात अनेक ठिकाणी मोडला, दुसरा लुळा पडला. डॉक्टर हात कापायच्या गोष्टी करत होते, त्याने साफ नकार दिला. हात वाचले, विमान मात्र कायमचं सुटलं. हातांत पुन्हा ताकद यावी म्हणून तो भूमध्य समुद्रावरच्या तुलाँ बंदरात रोज पोहायला जाऊ लागला. तिथे फिलिप ताइये नावाच्या नौदलातल्या सीनिअरने त्याला पाण्यात घालायचा गॉगल दिला.

गॉगलमधून त्याने पाण्याखाली पाहिलं आणि माणूस खलास! वर रस्ता, माणसं, रोजची वर्दळ, आणि हातभर खाली एक दुसरंच जंगल, जे आजवर पायाखाली असूनही दिसलं नव्हतं. ताइये, कुस्तो आणि फ्रेदेरिक द्युमा नावाचा एक पट्टीचा पोहणारा असं त्रिकूट जमलं. तिघे श्वास रोखून बुड्या मारायचे. पण छाती किती भरणार? दीड-दोन मिनिटांत वर यावंच लागायचं. त्यातला निम्मा वेळ जाण्यायेण्यात.

इथे कोणी म्हणेल, मग लांब नळी घ्यायची, एक टोक वर, दुसरं तोंडात. सेकंड इयरला फ्लुइड मेकॅनिक्स झालेल्यांनी असं म्हणू नये. पाण्यात दर दहा मीटरला एक वातावरण इतका दाब वाढतो. एक मीटर खोलीवरसुद्धा छातीच्या दर चौरस सेंटीमीटरवर शंभर ग्रॅमचं जादा ओझं येतं, म्हणजे सगळ्या छातीवर मिळून कित्येक किलो. नळीतून येणारी हवा मात्र वरच्याच दाबाची. बरगड्यांचे स्नायू ते ओझं उचलूच शकत नाहीत. जितकं खोल जाल तितक्याच दाबाची हवा फुफ्फुसात मिळाली पाहिजे, थोडी कमी नाही, थोडी जास्त नाही. सगळा प्रश्न हाच आहे.

त्या काळी यावर उपाय नव्हते असं नाही. पितळी हेल्मेट घालून, वरून पंपाने हवा घेत तळावर चालणारे पाणबुडे होतेच, पण ते खुंट्याला बांधल्यासारखे. फ्रेंच नौदलातल्याच ईव्ह ल प्रिअरने सिलिंडर अंगावर घेऊन उतरायचं यंत्र केलं होतं. त्यात हवा हाताने कॉक फिरवून सोडावी लागे आणि ती सतत वाहत असल्यामुळे बघता बघता संपून जाई. कुस्तोने तिसराच मार्ग धरला. जहाजावरच्या बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडून, गॅस-मास्कचा डबा आणि मोटारसायकलची ट्यूब वापरून, त्याने शुद्ध ऑक्सिजनवर चालणारं यंत्र बनवून घेतलं. एकदम देशी जुगाड! पण शुद्ध ऑक्सिजन दाबाखाली विषासारखा वागतो. १९३९ मध्ये साधारण ४५ फुटांवर त्याला आचके येऊ लागले, शुद्ध हरपायच्या बेतात त्याने कमरेचं वजन कसंबसं सोडलं म्हणून वर आला. शहाणा माणूस इथे थांबला असता. कुस्तोने यंत्र सुधारून पुन्हा उडी मारली आणि पुन्हा तसाच आचके देत वर आला. मग मात्र ऑक्सिजन सोडला.

दरम्यान १९३७ मध्ये त्याचं सिमोन मेल्शियोरशी लग्न झालं होतं. नौदलातल्या घराण्यातली ही मुलगी पुढे कुस्तोपेक्षाही जास्त काळ समुद्रावर राहिली, पण त्याबद्दल नंतर. इथे महत्त्वाचे आहेत ते सासरेबुवा. ते 'एर लिकीद' या औद्योगिक गॅस बनवणाऱ्या मोठ्या फ्रेंच कंपनीत वरच्या हुद्द्यावर होते. याला वशिला म्हणा किंवा नशीब म्हणा, नोव्हेंबर १९४२ मध्ये तुलाँ बंदरात फ्रेंच नौदलाने जर्मनांच्या हाती पडू नयेत म्हणून आपलीच जहाजं बुडवली आणि त्यानंतर महिन्याभरात बेकार झालेला हा नौदल अधिकारी पॅरिसमध्ये त्या कंपनीतल्या एका इंजिनिअरसमोर बसला होता. इंजिनिअरचं नाव एमिल गान्यां.

जर्मनांनी पेट्रोल ताब्यात घेतल्यामुळे फ्रान्समध्ये गाड्या गॅसवर चालवायची वेळ आली होती. इंजिन जेवढा गॅस ओढेल तेवढाच द्यायचा, ओढणं थांबलं की गॅस बंद, असा एक छोटा व्हॉल्व्ह गान्यांने त्यासाठी बनवला होता. कुस्तोने आपली अडचण सांगितली आणि गान्यांने तो बेकलाइटचा डबा त्याच्या पुढ्यात ठेवला. इंजिनाच्या जागी माणसाची फुफ्फुसं ठेवली की झालं! थोडक्यात काय, तर जगातला पहिला यशस्वी 'ॲक्वा-लंग' हा कारच्या गॅस किटचा चुलतभाऊ आहे.

खरं तर कल्पना त्याहूनही जुनी. १८६० च्या दशकात रुकेरॉल नावाचा खाण-इंजिनिअर आणि देनेरूझ नावाचा नौदल अधिकारी, अशाच एका फ्रेंच जोडगोळीने मागणीप्रमाणे हवा देणारा व्हॉल्व्ह केला होता. ज्यूल व्हर्नच्या कॅप्टन नेमोची माणसं तळावर फिरायला जातात ती याच यंत्राच्या जोरावर. पण तेव्हा जास्त दाब सहन करणारे हलके सिलिंडर मिळत नव्हते, त्यामुळे पाठीवरच्या टाकीत थोड्याच वेळापुरती हवा मावायची आणि शेवटी वरून पंप लावावाच लागायचा. मटेरियल सायन्सचे सर हेच तर सांगत असतात, नाही का?

आता तो डबा आतून बघू. सिलिंडरमध्ये हवा दीडशे वातावरणांच्या आसपास दाबाने कोंबलेली. डब्याच्या मधोमध रबराचा पातळ पडदा, म्हणजे डायफ्रॅम. पडद्याच्या एका बाजूला भोकं पाडलेली, तिथे समुद्राचं पाणी थेट येऊन भिडतं. दुसऱ्या बाजूला हवा. तुम्ही श्वास आत ओढला की हवेच्या बाजूचा दाब किंचित कमी होतो, पाणी पडद्याला आत ढकलतं, पडदा तरफा दाबतो, तरफा व्हॉल्व्ह उघडतात आणि सिलिंडरमधली हवा आत येते. दोन्हीकडचा दाब सारखा झाला की पडदा जागेवर, व्हॉल्व्ह बंद. पाच मीटरवर असाल तर पाच मीटरच्या दाबाची हवा, तीस मीटरवर तीस मीटरच्या दाबाची. कॉक फिरवायला नको, मोजायला नको. खोली किती आहे हे स्वतः समुद्रच पडद्याला ढकलून सांगतो. कंट्रोल सिस्टिम्सच्या पेपरात फीडबॅकचं उदाहरण आठवत नसेल तर हे लिहा, मार्क मिळतील.

१९४३ च्या जानेवारीत पॅरिसच्या बाहेर मार्न नदीत पहिली चाचणी झाली. कडाक्याची थंडी, गढूळ पाणी, काठावर गान्यां. कुस्तो आत उतरला. आडवा पोहत होता तोवर यंत्र झकास. उभा राहिला की हवा भसाभसा वाया जायला लागली. डोकं खाली, पाय वर केले तर श्वासच ओढवेना. एकच यंत्र, एकच नदी, फक्त माणसाची दिशा बदलली की यंत्राचा स्वभाव बदलतो!

दोघं वैतागून परत निघाले आणि वाटेतच उलगडा झाला. आत येणारी हवा पाठीवरच्या डब्यातल्या पडद्याच्या दाबाने येत होती, पण उच्छ्वास बाहेर पडत होता तोंडाजवळून. उभं राहिल्यावर तोंड डब्यापेक्षा जेमतेम वीतभर वर. पंधरा सेंटीमीटर पाणी म्हणजे वातावरणाच्या दाबाचा दीड टक्का फक्त. पण ज्या पडद्याला नुसत्या श्वासाने हलायचं आहे त्याच्यासाठी दीड टक्का म्हणजे फार झाला. डब्यातून येणारी हवा तोंडापाशी जरा जास्त दाबाची ठरते आणि आपली आपण निसटून जाते. उलटं झालं की हिशेब उलटा.

मग उपाय काय? उच्छ्वासही मागे न्यायचा! तोंडातून दुसरी नळी काढायची, ती डाव्या खांद्यावरून पाठीवर आणायची आणि उच्छ्वासाचा व्हॉल्व्ह त्याच डब्यात, पडद्याच्या अगदी शेजारी बसवायचा. आता माणूस उभा असो, आडवा असो, शीर्षासन करो, हवा आत सोडणारी जागा आणि बाहेर टाकणारी जागा कायम एकाच खोलीवर. हा बाहेरचा व्हॉल्व्ह म्हणजे बदकाच्या चोचीसारखा चपटा रबरी तुकडा, हवा बाहेर जाऊ देतो, पाणी आत येऊ देत नाही. दुसरी नळी शोभेची नव्हती किंवा अर्धशिक्षित डिझाइनही नव्हतं. उजवी नळी श्वासाची, डावी उच्छ्वासाची, आणि या डाव्या नळीनेच यंत्र चालतं केलं. सुधारलेला नमुना पॅरिसमध्येच पाण्याच्या टाकीत सगळ्या दिशांनी उलटापालटा होऊन तपासला गेला आणि पेटंटचा अर्ज दोघांच्या नावाने गेला.

जून १९४३. भूमध्य समुद्रावरचं बांदोल. इटालियन सैनिकांची नजर चुकवायची होती म्हणून एका आडबाजूच्या खाडीत तयारी केली. पाठीवर तीन सिलिंडर, पायात फिन्स, डोळ्यांवर मास्क. वर पाण्याच्या पृष्ठभागावर सिमोन तोंडात नळी धरून खाली नजर ठेवून होती. द्युमा किनाऱ्यावर, काही झालं तर उडी मारायला तयार. कुस्तो खाली गेला. वजन नाही, दोरी नाही, वरून येणारी नळी नाही. त्याने कोलांट्या मारल्या, एका बोटावर उभा राहिला, पाठीवर पडून वर बघितलं तर आपलेच बुडबुडे मोठे मोठे होत वर चाललेले. एका कपारीत शेवंडं लटकलेली दिसली. युद्धाच्या काळात खायची मारामार असताना शेवंडं म्हणजे चैनच! ती एकेक करून वर सिमोनच्या हातात दिली. पाचशेहून जास्त बुड्या त्या उन्हाळ्यात मारल्या गेल्या असं तो पुढे सांगत असे.

सिनेमाचा किडा होताच. युद्धात फिल्म मिळेना, तेव्हा लहान मुलांच्या कॅमेऱ्याचे रोल शेकड्यांनी विकत घेऊन, अंधारात चिकटवून चिकटवून लांब रीळ केलं. त्यातून बुडालेल्या जहाजांवरची 'एपाव्ह' ही फिल्म १९४३ मध्ये झाली. त्याच वर्षीच्या शरद ऋतूत द्युमा गाठी मारलेल्या दोरीच्या आधाराने ६० मीटरच्या पलीकडे उतरला. त्याला तिथे भीती वाटली नाही, उलट दारू प्यायल्यासारखी मजा वाटायला लागली. दाबाखाली नायट्रोजन चढतो, हे या मंडळींना असं स्वतःच्या मेंदूवर शिकावं लागलं.

याच काळातली एक गोष्ट चरित्रलेखक सहसा घाईने उरकतात. कुस्तोचा सख्खा थोरला भाऊ पिएर-आंत्वान हा पत्रकार होता, आणि जर्मनांची तळी उचलणाऱ्या, ज्यूद्वेष्ट्या साप्ताहिकाचा संपादक. युद्धानंतर त्याला फाशीची शिक्षा झाली, नंतर ती जन्मठेपेवर आली. इकडे जाकने इटालियनांविरुद्ध हेरगिरीत भाग घेतला होता आणि त्याला पदकही मिळालं होतं. तरी खटल्यात तो नौदलाचा गणवेश घालून भावाच्या बाजूने साक्षीला उभा राहिला. त्याच्या करिअरला याचा फटका बसला असं म्हणतात. भावाच्या विचारांचं समर्थन कोणीच करू नये, पण पाठीवरची पदकं सांभाळायची का रक्ताचं नातं, हा प्रश्न त्याने कसा सोडवला ते यातून दिसतं. असो.

युद्ध संपल्यावर तुलाँमध्ये नौदलाने ताइयेच्या हाताखाली पाण्याखालच्या संशोधनाचा एक गट उभा केला. बंदरातले सुरुंग काढणं, बुडालेली जहाजं तपासणं अशी कामं. कुस्तो, द्युमा, आणि मोरीस फार्ग नावाचा एक दणकट नौसैनिक त्यात होते. २७ ऑगस्ट १९४६ ला ही मंडळी फोंतेन द व्होक्लूझ या झऱ्यात उतरली. डोंगराच्या पायथ्याशी एक खोल, काळोखी विहीरवजा गुहा, जिच्यातून वर्षातून एकदा अचानक पाण्याचा लोंढा उसळतो. त्याचं कारण शोधायचं होतं. कुस्तो आणि द्युमा एका दोरीने बांधून घेऊन आत गेले. वर दोरी फार्गच्या हातात.

खाली गेल्यावर दोघांचीही डोकी चालेनात. काय करायला आलो तेच आठवेना. द्युमाच्या तोंडातून माउथपीस सुटायला लागला. कुस्तो त्याला घेऊन दोरी धरून वर चढायला लागला, तर वर फार्गला वाटलं की खाली आणखी दोरी हवी आहे, आणि तो दोरी सोडत राहिला! चढणाऱ्याच्या हातात दोरी नुसती ढिली येत होती. शेवटी इशारा कळला आणि फार्गने दोघांना ओढून काढलं. नंतर सिलिंडर तपासले तेव्हा कारण सापडलं. हवा भरणारा कॉम्प्रेसर आपल्याच इंजिनाचा धूर ओढून घेत होता. सिलिंडरमध्ये कार्बन मोनॉक्साइड गेला होता. वर हुंगला असता तर डोकं दुखलं असतं एवढाच, पण खोलीवर दाबाच्या पटीत तो मारक झाला. रेग्युलेटर अगदी चोख चालला होता. त्याने मागितली तेवढी विषारी हवा इमानेइतबारे पुरवली. कॉम्प्रेसरचं इनटेक कुठल्या दिशेला ठेवायचं एवढ्या साध्या गोष्टीवर दोन जीव लटकले होते.

पुढच्या वर्षी, सप्टेंबर १९४७ मध्ये, किती खोल जाता येतं ते बघायला एक मालिका आखली गेली. दोरीला ठरावीक अंतरावर पाट्या बांधलेल्या. जो जिथवर जाईल त्याने तिथल्या पाटीवर सही करून यायची. फार्गची पाळी आली. दोरीवरून सगळं ठीक असल्याचे इशारे येत होते, मग बंद झाले. ओढून वर आणलं तेव्हा माउथपीस छातीवर लोंबत होता. कित्येक तास कृत्रिम श्वास दिला, उपयोग झाला नाही. दोरी वर घेतली तेव्हा १२० मीटरच्या पाटीवर फार्गची सही होती. तितक्या खोल तोवर कोणी मोकळा डायव्हर पोहोचला नव्हता. नायट्रोजनची नशा त्याला घेऊन गेली. ॲक्वा-लंगने घेतलेला हा पहिला बळी, आणि तो त्याच माणसाचा ज्याने वर्षापूर्वी दोघांना ओढून काढलं होतं. साध्या हवेवर अशी खोली गाठण्याचा नाद कुस्तोने यानंतर सोडला. सुरक्षेच्या आजच्या मर्यादा आपण शिकतो त्या अशा लोकांच्या हिशेबातून आलेल्या आहेत.

दरम्यान 'एर लिकीद'ने 'ला स्पिरोटेक्निक' नावाची उपकंपनी काढून यंत्र विकायला सुरुवात केली. पहिल्या मॉडेलचं नाव सीजी-४५, म्हणजे कुस्तो, गान्यां आणि १९४५. अमेरिकेत ते 'ॲक्वा-लंग' म्हणून गेलं आणि तुफान चाललं. नावातला 'सी' जगभर झाला, 'जी' मात्र मागे राहिला. गान्यां १९४७ मध्ये कॅनडात मॉन्ट्रिअलला गेला आणि तिथे त्याच कंपनीसमूहात बसून एकामागून एक नवी रेग्युलेटर्स काढत राहिला. त्याला कुस्तोइतकं कोणी ओळखत नाही. कुस्तोवर याचा दोष टाकणं बरोबर होणार नाही, पेटंटवर त्याने दोघांची नावं ठेवली होती. पण एक जण पाण्यात आणि कॅमेऱ्यासमोर, दुसरा वर्कशॉपमध्ये. लोकांना कोण लक्षात राहणार ते ठरलेलंच.

दोन नळ्यांच्या यंत्राच्या खोड्याही होत्या. पालथं पोहताना डबा पाठीवर, म्हणजे फुफ्फुसांच्या वर, त्यामुळे श्वास जरा जोर लावून ओढावा लागे. उताणं झालं की हवा फुकट मिळे. माउथपीस तोंडातून सुटला की नळ्यांत पाणी, मग डाव्या कुशीवर वळून फुंकर मारून ते डाव्या नळीतून बाहेर काढायची कला शिकावी लागे. १९५२ मध्ये मेलबर्नच्या टेड एल्ड्रेडने, काही अंशी या पेटंटला वळसा घालायचा म्हणूनच, दाब उतरवायचे दोन टप्पे वेगळे केले. पहिला सिलिंडरवर, दुसरा थेट तोंडाशी, मधे एकच बारीक नळी. पडदाही तोंडाशी, उच्छ्वासही तोंडाशी. मार्न नदीतल्या त्याच कोड्याचं दुसरं उत्तर! तेच उत्तर स्वस्त आणि सोपं ठरलं, आणि १९७० च्या सुमारास दोन नळ्यांचा जमाना संपला.

कुस्तोचं पुढचं आयुष्य भराभर सांगतो. १९५० मध्ये एका धनाढ्य इंग्रजाने जुनं सुरुंगशोधक जहाज विकत घेऊन त्याला वर्षाला एक फ्रँक भाड्याने दिलं. हेच ते 'कॅलिप्सो'. सामानासाठी पैसे नव्हते तेव्हा सिमोनने दागिने विकले. पुढची कित्येक वर्षं ती जहाजावरच राहिली, खलाशांची आई होऊन, पण कॅमेऱ्यासमोर फारशी आली नाही. १९५४ मध्ये खर्च भागवायला 'कॅलिप्सो'ने अबू धाबीच्या किनाऱ्याजवळ तेल कंपनीसाठी समुद्रतळाची पाहणी केली. १९५६ चा 'द सायलेंट वर्ल्ड' हा सिनेमा त्याने तरुण लुई मालसोबत केला, त्याला कान महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार आणि मग ऑस्कर मिळालं.

तो सिनेमा आज बघवत नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. मासे मोजायला डायनामाइट लावतात, जहाजाच्या पंख्यात सापडलेल्या देवमाशाच्या पिल्लाला मारतात, आणि मग ते खायला आलेल्या शार्कना सूड घेतल्यासारखं ठेचतात. तेव्हा कोणाला त्यात गैर वाटलं नाही, त्यालाही नाही. पण १९६० मध्ये फ्रेंच अणुखात्याने किरणोत्सर्गी कचरा भूमध्य समुद्रात टाकायचं ठरवलं तेव्हा विरोधात उभा राहणाऱ्यांत हाच माणूस पुढे होता, आणि बेत बारगळला. तीस वर्षं तेच तेच समुद्र पाहिल्यावर, पूर्वी जिथे मासे होते तिथे आता नाहीत, हे त्याला स्वतःच्या जुन्या रिळांवरूनच दिसत होतं. १९७३ मध्ये त्याने समुद्राच्या रक्षणासाठी 'कुस्तो सोसायटी' काढली.

समुद्राखाली घरं बांधून माणसं ठेवायचे प्रयोगही त्याने केले. १९६२ मध्ये मार्सेलजवळ दहा मीटरवर दोन माणसं आठवडाभर, १९६३ मध्ये सुदानच्या किनाऱ्याजवळ तांबड्या समुद्रात महिनाभर, १९६५ मध्ये शंभर मीटरवर सहा माणसं तीन आठवडे. सिव्हिलवाल्यांना यावर वेगळा लेख लिहिता येईल. शेवटच्या प्रयोगातल्या सहांत त्याचा धाकटा मुलगा फिलिप होता. बापासारखाच कॅमेरावेडा, शिवाय बापाला जमलं नव्हतं ते, म्हणजे विमान, त्याला जमत होतं. २८ जून १९७९ ला लिस्बनजवळ टॅगस नदीवर पाण्यात उतरताना फिलिपचं फ्लाइंग बोट उलटलं आणि तो गेला. कुस्तो तेव्हा ६९ वर्षांचा होता. थोरला मुलगा जाँ-मिशेल मदतीला आला, पण पुढे नावाच्या वापरावरून बापलेकांत कोर्टकचेरीही झाली. १९९० मध्ये सिमोन गेली. त्यानंतर कुस्तोने फ्रान्सीनशी लग्न केलं, तेव्हा तिच्यापासून त्याला दोन मुलं आधीच होती हे जगाला कळलं. समुद्राच्या पोटातलं सगळं दाखवणाऱ्या माणसाने घरातलं एवढं वर्षानुवर्षं झाकून ठेवलं होतं.

जानेवारी १९९६ मध्ये सिंगापूर बंदरात एका बार्जची धडक बसून 'कॅलिप्सो' बुडाली. तिला वर काढलं, पण तिची पुन्हा सफर झालेली त्याला पाहायला मिळाली नाही. २५ जून १९९७ ला पॅरिसमध्ये, वयाच्या ८७ व्या वर्षी तो गेला. जिथे जन्मला त्याच गावात, समुद्रापासून आत, त्याला पुरलं आहे.

दोन नळ्यांचा रेग्युलेटर मात्र पुरता मेलेला नाही. त्याचे बुडबुडे पाठीमागून निघतात, डोळ्यांसमोर येत नाहीत, कानाशी गडगडत नाहीत आणि मासे बिचकत नाहीत, म्हणून पाण्याखाली फोटो काढणाऱ्यांना तो फार दिवस सोडवत नव्हता. युरोप-अमेरिकेत हौशी लोक जुनी रेग्युलेटर्स मिळवतात, उघडतात, साफ करतात. पितळी डबा आणि तरफा साठ वर्षांनीही ठीक असतात. बदलावं लागतं ते रबर: दोन नळ्या, पडदा, आणि ती बदकाची चोच. ती नवी बसवली की यंत्र पुन्हा पाण्यात.